चार बोटं जास्त

झुंबरबाईच्या हातून काही वाया गेलेलं उंबरपाड्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. दिंडोरीच्या द्राक्षबागेत मजुरीला आली तरी तिची ही खोड गेली नाही. उलट बागेनं तिला मोकळं रानच दिलं. पॅकहाऊसच्या मागं एक खड्डा होता. फाटके खोके, चेमटलेले प्लास्टिकचे डबे, फोमचे तुकडे, फुग्याफुग्यांचा कागद, गठ्ठ्यांच्या कापलेल्या पट्ट्या असं सगळं त्यात पडायचं आणि शनिवारी पेटवून द्यायचे. झुंबरबाई शुक्रवारीच खड्ड्यावर एक फेरी मारून यायची.

बागेच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. त्यांतल्या एका खोलीत ती, नवरा बुधा आणि लेक पल्लवी हंगामाचे चार महिने राहत. ती खोली आता बघण्यासारखी झाली होती. पत्र्याला आतून खोक्यांचे पुठ्ठे ठोकलेले, त्यामुळं पहाटेचा गारठा आणि दुपारची धग दोन्ही निम्मी व्हायची. पुठ्ठ्यांवर द्राक्षांचे घड छापलेले, तेव्हा मीठ-भाकरी खातानाही चहूकडून द्राक्षंच दिसत. पारदर्शक डब्यांत मिरचीची रोपं वीतभर आली होती. डब्याला भोकं आयतीच, पाणी आपोआप निथळायचं. थर्माकोलच्या खोक्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. बुधाच्या चपलेचा झिजलेला तळ फोमनं भरून काढला होता, आणि चालताना तो पाय असा काही उचलायचा, की टोळीतली माणसं त्याला नवरदेव म्हणत.

फुग्यांचा कागद तिनं गोधडीखाली अंथरला होता. मऊ लागतो म्हणून. पहिल्याच दिवशी बुधा दमून आला, आडवा झाला आणि कुशीवर वळला, तसा फट् असा आवाज झाला. परत वळला, परत फट्. शेजारच्या खोल्यांतून हसण्याचा असा काही गलका उठला, की बुधा गोधडी घेऊन बाहेर जाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी झुंबरबाईनं कागद काढून गुंडाळून ठेवला. टाकला मात्र नाही.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पल्लवीचं लग्न धरलं होतं. मुलगा मनोज, घाटापलीकडचा, सुरगाण्याच्या बाजूचा. पल्लवीनं त्याला गेल्या साली ह्याच बागेत छाटणीच्या वेळी पसंत करून टाकलं होतं. घरच्यांनी नंतर फक्त मान हलवायचं काम केलं.

बुधाच्या घराण्यात एक रीत होती. लेक सासरी निघते ती बापानं विणलेली दुरडी डोक्यावर घेऊन. दुरडीत बापाच्या शेतातली पाच पायल्या नागली, म्हणजे नाचणी, काठोकाठ. दाणा काठाला टेकलाच पाहिजे. उणी दुरडी लेकीबरोबर कुणी धाडत नसे, आणि शेजाऱ्याकडून दाणा उसना घेऊन ती भरणं तर त्याहून वाईट.

बुधाला त्याची काळजी नव्हती. सुपं, डालगी, दुरड्या विणण्यात त्याचा हात सगळ्या पाड्यात पहिला. मनोजची आजी भागीबाई, जिच्या शब्दाबाहेर ते घर नव्हतं, ती साखरपुड्याला सगळ्यांसमोर म्हणाली होती, "पोर मनोजनं बघितली. मी बुधाचा हात बघून सोयरीक केली. बाजारात त्याची सुपं बघितलीत मी. पण आता निम्मं साल द्राक्षात ऱ्हाता तुम्ही. हात इसरला का काय, ते दुरडी बघून कळंल."

सगळे हसले होते. बुधाही हसला होता. पण ते बोलणं त्याच्या मनात काट्यासारखं राहिलं.

त्याचं गणित सरळ होतं. आखाजीच्या आधीचा अंधारा पंधरवडा लागला, की घरी जायचं. त्या दिवसांत तोडलेल्या बांबूला किडा लागत नाही. तोडायचा, चिरायचा, कामट्या काढायच्या, विणायचं, वाळवायचं, शेणानं सारवायचं. दहा-बारा दिवस धरले की झालं. पण तेवढ्यात अवकाळी आला. दोन दिवस ढग, एक दिवस पाऊस, आणि तयार घड ओले. ओला घड खोक्यात भरता येत नाही. सगळी तोडणी थांबली आणि ऊन पडल्यावर सगळी एकदम अंगावर आली. टोळीनं अख्खा प्लॉट अंगावर घेतलेला. एक जण निघाला, की त्याच्या वाटणीच्या ओळी बाकीच्यांच्या खांद्यावर पडणार.

बुधा दिवसभर मांडवाखाली हात वर करून घड कापत राहिला. संध्याकाळी हात खाली येताना खांदे करकरायचे. आखाजी बारा दिवसांवर आली आणि तोडणी अजून आठ-नऊ दिवसांची होती.

"दिंडोरीच्या बाजारात बांबू मिळतो म्हणं," पल्लवी म्हणाली.

"मिळतो. टमाट्याला उभा करायचा. वाळून खडंग झालेला. त्याची कामटी निघत नाय पोरी, ढलप्या निघत्यात."

झुंबरबाई भाकरी थापत होती. तिनं मागं न बघता कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं पट्ट्यांचं एक भेंडोळं पडलं होतं. रिकामे खोके बागेत गठ्ठ्यानं येत. गठ्ठा फोडताना भोवतीची प्लास्टिकची पट्टी कापून खड्ड्यात टाकत. काही पिवळ्या, काही हिरव्या.

"त्याची कर," ती म्हणाली.

"कशाची?"

"पट्टीची. लांब हाय, चिवट हाय, एकसारखी हाय. तुला चिरायची पण कटकट नाय."

"डोकं फिरलं का तुझं? लेकीला पलास्टिकची दुरडी देऊ? भागीबाई ती माझ्याच डोक्यावर घालंल."

"आणि दुरडीच नसंल, तर काय घालंल?"

बुधा भाकरी न खाताच उठला, भेंडोळ्यातून एक पट्टी ओढली आणि बोटांवरून फिरवली. गुळगुळीत, थंड, ना ओल ना वास. त्यानं ती दुमडली, ती परत ताठ झाली. "हिला जीवच नाय," तो म्हणाला. पण खाली ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यानं पिवळ्या पट्ट्यांचा तळ धरला. पट्टी घसरायची, वीण उघडायची. चार वेळा मोडला. पाचव्या वेळी त्यानं दगडाखाली तळ दाबून ठेवला आणि हिरवी पट्टी पाण्यात बुचकळून आत घातली. पाण्याचा पट्टीला काही उपयोग नव्हता, पण बोटांना ओल्या कामटीची सवय. ओल लागली तशी बोटं चालायला लागली. सुट्टी संपल्याची शिट्टी झाली तेव्हा टोळीतली सहा-सात माणसं भोवती उभी होती आणि कुणी पाणी प्यायलासुद्धा गेलं नव्हतं.

पट्ट्या कमी पडणार हे दिसतच होतं. संध्याकाळी बुधा पॅकहाऊसच्या मागून आणखी एक भेंडोळं काखेत मारून निघाला, तर फाटकावर सुपरवायझर योगेशनं अडवलं.

"काय नेतोस रे? सोड इथं. मोकळं कर."

तोडणीची सगळी माणसं त्याच वेळी बाहेर पडत होती. बुधानं गाठ सोडली. पट्ट्या उसळून रस्ताभर पसरल्या. त्यात काहीच लपवलेलं नव्हतं, तरी तो खाली बसून एकेक गोळा करू लागला आणि त्याचे कान तापले. आयुष्यात दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावलेला माणूस तो, पन्नाशीत पोरासोरांसमोर झडती देत होता.

"हे तर जाळायचंच आहे," योगेश जरा ओशाळून म्हणाला. "पण विचारून न्यायचं ना. करतोस काय ह्याचं?"

"लेकीची दुरडी," बुधा म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दुपारी योगेश आपला डबा घेऊन बुधाच्या खोलीसमोर येऊन बसला. अर्धी झालेली दुरडी त्यानं हातात घेऊन फिरवली, आतून बाहेरून पाहिली. त्या दिवसापासून पॅकहाऊसमध्ये पट्टी मधोमध कापायची बंद झाली. जोडावर कापायची, म्हणजे मधे जोड न येता पुरी लांबी मिळते, असं त्यानं सगळ्यांना बजावलं. शनिवारी खड्डा पेटला तेव्हा त्यात एकही पट्टी नव्हती.

सहा दुपारींत दुरडी उभी राहिली. तळ हळदीचा पिवळा, वर चुड्याचा हिरवा, आणि काठाला दोन्हींचा पीळ. पण नागलीचा दाणा मोहरीएवढा. विणीतून गळणार. बांबूची दुरडी शेणानं सारवतात. ह्या दुरडीला झुंबरबाईनं शेण लावून पाहिलं, तर वाळल्यावर ते खपल्या होऊन तिच्याच पायावर पडलं.

"बघ," बुधा म्हणाला. त्याला थोडा आनंदच झाला असावा.

"बघते," झुंबरबाई म्हणाली. तिनं चार फाटके खोके फाडून बादलीत भिजत घातले. दुसऱ्या दिवशी त्यात भिजवलेली मेथी घालून दगडावर ठेचलं, इतकं ठेचलं की पुठ्ठ्याचा लोण्यासारखा लगदा झाला. तिची आजी असाच लगदा करून सुपांची भोकं बुजवायची. पल्लवीनं आतून आणि झुंबरबाईनं बाहेरून, असा दोघींनी तो विणीच्या फटीफटीतून दाबला. दोन्हीकडचा लगदा फटीत एकमेकाला भेटला आणि उन्हात वाळून घट्ट बसला. पल्लवीनं बोटानं टिचकी मारली तर मडक्यासारखा आवाज आला.

"आये, ही तर बांबूच्यापेक्षा झाक हाय!"

"तुझ्या बाला सांगू नको. जेवायचा नाय."

आखाजीच्या तीन दिवस आधी तोडणी संपली. बसच्या टपावर दुरडी चढवताना कंडक्टरनं विचारलं, कुठल्या दुकानातली. बुधानं दुरडी खाली उतरवली आणि पेठपर्यंत मांडीवर घेऊन बसला.

हळदीच्या दिवशी दुपारी त्यानं कणगीतली पाच पायल्या नागली मोजून दुरडीत ओतली. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी ओतली आणि हातानं सारखी केली. दाणा काठाच्या चार बोटं खाली राहिला होता.

पायली चुकली असेल म्हणून त्यानं परत उपसून मोजली. पाचच. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो कपाळावर हात मारून ओट्यावर बसला.

"काय झालं?" झुंबरबाईनं विचारलं.

"ओली कामटी वाळती. वाळली का वीण सैल होती, ठोकून खाली बसवायची, मंग उंची चार बोटं उतरती. म्हणून चार बोटं वाढवून इणायचं. माझ्या बानं शिकवलं, चाळीस वरसं तसंच इणलं. ही पण तशीच इणली."

"मंग?"

"ही मेली सुकतच नाय!"

झुंबरबाईला आधी हसूच आलं. मग नवऱ्याचं तोंड बघून तिनं ते गिळलं. कणगीत उरलेली नागली बियाण्याची, तिला हात लावायचा नाही. उसनी चालायची नाही. काठ उसवावा तर लगदा फुटणार आणि उद्या सकाळी वऱ्हाड दारात.

बुधा मांडवाला आंब्याचे डहाळे बांधायला गेला. रोज बडबड करणारा माणूस असा गप्प झालेला झुंबरबाईला बघवला नाही. ती आत गेली, बोचकं उचकलं, गोधडीखालून काढून ठेवलेली फुग्यांच्या कागदाची गुंडाळी बाहेर काढली. नागली उपसली, कागदाच्या घड्या करून तळाला बसवल्या, वर नागली ओतली. दाणा काठाला टेकला. चार बोटं भरून निघाली. त्यांच्या पाड्यात दुरडी वरूनच बघत, तेव्हा बिनघोर राहायला हरकत नव्हती. पल्लवी हळदीच्या अंगानं दारात उभी राहून हे बघत होती. झुंबरबाईनं तिच्याकडं डोळे वटारले, पल्लवीनं तोंडावर पदर दाबला आणि हसत हसत पळाली.

आखाजीला मांडव माणसांनी भरून गेला. संबळ वाजत होता. मनोज फेटा सावरत इकडंतिकडं बघत होता. लग्न लागलं, जेवणं झाली, आणि पाठवणीला दुरडी मांडवाच्या मधोमध आली. पिवळी-हिरवी दुरडी उन्हात अशी काही झळकली, की बायका पुढं सरकल्या.

भागीबाई काठी टेकत आली. वाकली. काठावरून बोट फिरवलं, विणीत नख घालून पाहिलं.

"बांबू कुठं हाय?"

"अवकाळीनं अडकलो, मावशी," बुधा म्हणाला. "बागेतून सुटलोच नाय. खोक्याच्या पट्टीची इणली. हात माझाच हाय."

भागीबाईनं काठी मनोजकडं दिली आणि बांगड्या कोपरापर्यंत सारल्या.

"ह्ये काय करता?" झुंबरबाईच्या तोंडून निघून गेलं.

"तळाचा दाणा काढती. आमच्यात तळाचाच दाणा सुनंच्या पदरात बांधत्यात. वरचा दाणा समदेच चांगला ठेवत्यात."

घाटापलीकडची ही रीत झुंबरबाईला कुणी सांगितली नव्हती. म्हातारीचा हात नागलीत मनगटापर्यंत गेला, मग कोपराकडं गेला. संबळवाला नेमका दम घ्यायला थांबला होता.

फट्.

भागीबाईनं भुवया वर केल्या. हात आणखी दाबला. फट्. फट् फट्.

झुंबरबाईला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बुधाला तर काहीच माहीत नव्हतं, लग्नाच्या गडबडीत त्यानं दुरडीत परत डोकावलंच नव्हतं. तो दुरडीकडं बघत होता, मग त्यानं बायकोकडं बघितलं आणि त्याला सगळं कळलं. भागीबाईनं चिमटीत सापडलेलं टोक ओढलं. फुग्यांचा कागद नागली सांडत वर आला, आणि दुरडीतला दाणा सगळ्या मांडवादेखत चार बोटं खाली बसला.

कुणी हसलं नाही. हळदीनं पिवळी झालेली पल्लवी खाली मान घालून उभी होती. तिची नजर बापाच्या पायांकडं होती.

बुधा पुढं आला. "माझ्या बायकोचं काय चुकलं नाय. चूक माझी हाय," तो म्हणाला. "नागली पाच पायल्याच हाय, माझ्याच शेतातली. दुरडी चार बोटं मोठी झाली. बांबू सुकतो म्हणून वाढवून इणतो आम्ही."

"आणि ही?"

"ही सुकत नाय."

"ठावं होतं ना तुला?"

"मला होतं. हाताला नव्हतं. त्यानं मला इचारलं नाय."

भागीबाईनं मूठ वळून काठावर एक ठोका दिला. वीण जागची हलली नाही. मग तिच्या तोंडाचा चंबू झाला, खांदे हलायला लागले, आणि दात नसलेलं तोंड उघडून ती म्हातारी अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "बघा रं! मी म्हणत व्हते, द्राक्षात जाऊन हात इसरला का काय. ह्याचा हात तर काहीच इसरत नाय, मेला!" तिच्या मागोमाग अख्खा मांडव हसला. झुंबरबाई पदरात तोंड लपवून हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मनोज," भागीबाई म्हणाली, "आपली गोण आण."

जेवणावळीसाठी वरपक्षानं आणलेल्या नागलीची गोण अर्धी उरली होती. मनोज ती घेऊन आला. उंबरपाड्याचा एक म्हातारा पुढं सरसावला. "आमच्यात उसना दाणा चालत नाय, बाई."

"उसना कसला? सासरचं धान हाय. तिच्या घरचंच नव्हं का?"

म्हाताऱ्यानं विचार केला आणि मागं सरकला.

भागीबाईनं ओंजळीओंजळीनं नागली ओतली. बुधाची नागली तांबडी, घाटापलीकडची जरा काळसर. दाणा काठाला टेकला, वर शीग आली. मग तिनं परत हात कोपरापर्यंत आत घातला आणि तळापासून ढवळून काढलं. ह्या वेळी आवाज आला नाही. मूठ वर आली ती दोन्ही रंगांची. तीच मूठ तिनं पल्लवीच्या पदरात बांधली.

"आता निवडून दाखवा, कुणाची कुठली," ती म्हणाली.

दुरडी जड झाली होती. बुधानं एका बाजूनं आणि झुंबरबाईनं दुसऱ्या बाजूनं धरून ती पल्लवीच्या डोक्यावर ठेवली. हात काढताना बुधाचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत. संबळ सुरू झाला. फुग्यांचा कागद वऱ्हाडातल्या पोरांनी पळवला होता. वऱ्हाड घाटाच्या वळणाआड गेलं तरी तिकडून फट् फट् ऐकू येत होतं.

पुढच्या हंगामात बुधाच्या खोलीसमोर दुपारच्या सुट्टीत चार जण पट्टी विणायला शिकत बसत. योगेशनं आपल्या आईसाठी एक दुरडी सांगितली होती. बुधानं ती विणत विणत काठापाशी आणली, तेव्हा योगेशनं झुकून पाहिलं.

"बुधाबाबा, ही सुकत नाही ना?"

"नाय."

"मग वर आणखी का विणताय?"

बुधा हसला. त्यानं काठावर चार बोटं ठेवून अंदाज घेतला, एक हिरवी पट्टी पाण्यात बुचकळली आणि पुढची फेरी घातली.